कमानीची शस्त्रक्रिया आणि मेंदूचे रक्त : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या, फुग्याविषयी लिहिताना डॉक्टर ज्याला ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात त्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतली बहुतेक पत्रे हृदयाविषयी नसून मेंदूविषयी आहेत आणि ते योग्यच आहे. फुगा महाधमनीच्या कमानीवर, म्हणजे ती हृदयातून वर चढून खाली वळते त्या भागावर असेल, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर आम्हा भूलतज्ज्ञांना सर्वांत जास्त काळजी मेंदूचीच असते. निवडक पत्रे खाली देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझे बाबा 66 वर्षांचे आहेत. खोकला जाईना म्हणून छातीचा एक्स-रे काढला, त्यात शंका आली म्हणून सीटी स्कॅन केला, तर महाधमनीच्या कमानीवर 6.1 सेंटीमीटरचा फुगा निघाला. सर्जनसाहेबांनी सांगितले की ऑपरेशनच्या वेळी शरीर थंड करून काही मिनिटे रक्ताभिसरण पूर्ण थांबवावे लागेल. काकांचे बायपास झाले असल्यामुळे हृदय थांबवतात हे आम्हाला ठाऊक होते. पण रक्तच थांबवले तर मेंदू कसा वाचणार? हे ऐकल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही. — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आईंची भीती अनाठायी नाही, पण त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली गेलेली दिसते.

बायपासमध्ये हृदय थांबवले तरी हार्ट-लंग मशीन रक्त शुद्ध करून महाधमनीत सोडत राहते, त्यामुळे मेंदूला रक्ताची उणीव भासत नाही. कमानीची अडचण तिच्या जागेमुळे निर्माण होते. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या याच कमानीवरून निघतात. पहिली मोठी शाखा उजवा हात आणि मेंदूची उजवी बाजू यांच्यासाठी, दुसरी म्हणजे डाव्या बाजूची कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी) आणि तिसरी डाव्या हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन. दोन्ही हातांच्या धमन्यांतून एक-एक व्हर्टेब्रल धमनी मानेच्या मणक्यांतून वर चढते आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देते. सुमारे शंभरात पाच माणसांत डावी व्हर्टेब्रल थेट कमानीवरूनच निघते आणि ती सीटी स्कॅनवर आधी पाहून ठेवावी लागते. आता हाच भाग कापून तेथे डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवायची म्हटल्यावर चिमटा लावायला जागाच उरत नाही, कारण ज्या वाटेने मशीनचे रक्त वर जायचे तीच वाट उघडी करायची असते.

नर्मदेच्या मुख्य लाइनचे काम निघाले की इंदुरात नळ येत नाहीत. तेव्हा घरोघरी पाणी जपून वापरतात आणि ज्या दवाखान्याचे पाण्यावाचून क्षणभरही भागत नाही तेथे टँकर पाठवावा लागतो. या शस्त्रक्रियेतही नेमक्या याच दोन गोष्टी करतात : शरीराची गरज कमी करतात आणि मेंदूला वेगळ्या वाटेने रक्त देतात.

गरज कमी करण्याचे काम थंडी करते. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो आणि साठा म्हणून जवळ काहीच ठेवत नाही. नेहमीच्या 37 अंश सेल्सिअसला रक्त तुटले तर चार-पाच मिनिटांतच पेशी मरू लागतात. तापमान एका अंशाने उतरले की मेंदूची गरज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी घटते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील मॅककलो आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर मोजमाप करून असा अंदाज मांडला की रक्ताशिवाय मेंदू 30 अंशांना सुमारे 9 मिनिटे, 25 अंशांना 14, 20 अंशांना 21 आणि 15 अंशांना 31 मिनिटे तग धरू शकतो. हे आकडे सर्वांना सारखे लागू पडत नाहीत, पण एक गोष्ट त्यांतून स्वच्छ दिसते : थंडीने वेळ मिळतो, मात्र तो मोजकाच. कमान बदलण्याचे संपूर्ण काम बरेचदा त्या मुदतीत बसत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट. उजव्या खांद्याखाली, कॉलरबोनच्या जरा खाली, एक लहान छेद घेऊन उजव्या हाताच्या धमनीला (अ‍ॅक्सिलरी धमनीला) साधारण 8 मिलिमीटरची कृत्रिम नळी शिवतात आणि मशीनचे रक्त तेथून सोडतात. शरीर थंड होईपर्यंत हे रक्त उलट दिशेने कमानीत शिरून सर्वत्र जाते. कमान उघडण्याची वेळ आली की पहिल्या शाखेच्या मुळाशी चिमटा लावतात. त्यानंतर त्याच नळीतले रक्त खाली न उतरता उजव्या कॅरोटिडमधून आणि उजव्या व्हर्टेब्रलमधून मेंदूत चढते. वेग साधारणपणे किलोमागे मिनिटाला 10 मिलिलिटर ठेवतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला मिनिटाला 600 मिलिलिटर. म्हणून सर्जनसाहेब ‘रक्ताभिसरण थांबवणार’ म्हणाले तरी ही पद्धत वापरल्यास जे थांबते ते कमरेखालचे आणि पोटातले. मेंदूचे रक्त अगदी थोडा अवधी वगळता चालूच असते. आपल्या बाबांच्या बाबतीत हीच योजना आहे का, हे तेवढे विचारून घ्या आणि उत्तर आईंच्या समोरच मिळू द्या.

उजवीकडून दिलेले रक्त डाव्या बाजूला कसे पोहोचते, हा पुढचा प्रश्न साहजिक आहे. मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांना जोडणारे एक कडे असते. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी 1664 मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. निसर्गाची ही तरतूद उत्तम आहे, पण बऱ्याच माणसांत हे कडे एखाद्या ठिकाणी अपुरे किंवा फारच बारीक असते आणि त्या माणसाला त्याचा आयुष्यभर पत्ता नसतो. त्यामुळे कड्यावर विसंबून राहण्याऐवजी त्याची परीक्षा टेबलावरच घेतली जाते. रुग्णाच्या कपाळावर दोन बाजूंना दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांतून जाणारा प्रकाश कवटीखालच्या रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो आणि पडद्यावर उजवा आणि डावा असे दोन आकडे दिसतात. समजा, सुरुवातीला उजवा 68 आणि डावा 67 होता आणि पहिल्या शाखेवर चिमटा लागल्यावर उजवा तसाच राहिला, पण डावा 60, 55, 50 असा उतरत गेला. आधीच्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त घट झाली, तर ती खरी धरून पावले उचलायची असतात. मशीनचा वेग वाढवतात, रक्तदाब वाढवतात, रक्तातील कार्बन डायॉक्साइड आणि हिमोग्लोबिन तपासतात. तरीही आकडा सावरला नाही, तर सर्जन उघड्या कमानीतून डाव्या कॅरोटिडच्या तोंडात टोकाला छोटा रबरी फुगा असलेली पातळ नळी सरकवतात आणि दुसऱ्या बाजूलाही थेट रक्त देतात. काही शल्यचिकित्सक आकड्याची वाट न पाहता पहिल्यापासूनच दोन्ही बाजूंना रक्त देतात. काम लांबणार असे दिसत असेल, तर मला व्यक्तिशः तेच पटते.

एका गोष्टीकडे मात्र कोणीच पत्रात लक्ष वेधलेले नाही. या शस्त्रक्रियेनंतर होणारा पक्षाघात प्रत्येक वेळी रक्त कमी पडल्यामुळे होत नाही. पुष्कळदा तो कचऱ्यामुळे होतो. वयस्क माणसाच्या कमानीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा आणि चुन्याचा थर असतो. चिमटा, नळी किंवा मशीनमधून येणारा रक्ताचा जोरदार झोत लागून त्याचा कण सुटला आणि मेंदूत गेला, की तापमान कितीही अचूक राखले असले तरी त्या कणापुढे काही चालत नाही. हवेच्या बुडबुड्याचेही तसेच. म्हणून नळी घालण्यापूर्वी सीटी स्कॅनवर थर कोठे आहे ते पाहून ठेवतात, जखमेच्या पोकळीत कार्बन डायॉक्साइड सोडतात (बुडबुडा उरलाच तर तो हवेपेक्षा लवकर रक्तात विरघळतो), रुग्णाचे डोके खालच्या बाजूला झुकवतात आणि शाखा पुन्हा जोडण्यापूर्वी रक्ताने धुऊन काढतात. खांद्याजवळची नळी लोकप्रिय होण्यामागेही हेच मोठे कारण आहे : त्या धमनीत असा थर सहसा कमी असतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचे असेच ऑपरेशन ठरले आहे. एका दवाखान्यात सांगितले की शरीर 18 अंशांपर्यंत थंड करू, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले 26 अंश पुरे. दोघेही अनुभवी आहेत. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, असे समजायचे का? — एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : नाही, तसे समजू नये. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि त्यामागे या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास आहे.

ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकी आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये कमान बदलल्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी मेंदूला स्वतंत्र नळ्यांनी रक्त दिले होते. कल्पना योग्य होती, पण नळ्यांची गर्दी आणि त्या काळची साधने यांमुळे ती पद्धत फार थोड्यांना साधली. मग 1975 मध्ये स्टॅनफर्डच्या रँडल ग्रीप आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांचा अनुभव मांडला. शरीर खूप थंड करायचे, मशीन चक्क बंद करायचे आणि रक्ताचा थेंबही नसलेल्या कोरड्या जागेत निवांत टाके घालायचे. ही रीत सोपी असल्यामुळे जगभर पसरली. पुढे तिची मर्यादाही कळली. 1993 मध्ये स्वेन्सन आणि सहकाऱ्यांनी ह्यूस्टन येथील 656 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रक्ताभिसरण 40 मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबले तर पक्षाघाताचे आणि 65 मिनिटांपेक्षा जास्त थांबले तर मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले. दरम्यान फ्रान्समध्ये बाशे यांच्या आणि जपानमध्ये काझुई यांच्या गटाने मेंदूला थंड रक्त देत राहण्याची पद्धत पुन्हा उभी केली, या वेळी सुटसुटीत स्वरूपात. आज बहुसंख्य मोठ्या केंद्रांत तीच वापरली जाते.

मेंदूला रक्त मिळतच असेल तर शरीर 18 अंशांपर्यंत नेण्याची गरज उरत नाही आणि अति थंडीची किंमतही कमी नसते. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, टाक्यांतून रक्त झिरपत राहते आणि थंड करणे व पुन्हा ऊब आणणे यांत मशीनवरचा काळ बराच वाढतो. उलट बाजूही लक्षात घ्या. 26 किंवा 28 अंशांना मेंदू सुरक्षित असला तरी मणक्यातील मज्जारज्जू, मूत्रपिंडे आणि आतडी यांना तेवढा वेळ रक्त मिळत नसते आणि तेथे थंडीचे कवचही पातळ असते. काम तासाभराच्या आत आटोपणार असेल तर प्रश्न सहसा येत नाही. ते लांबणार असेल तर जास्त थंड करणे किंवा खालच्या अंगालाही वेगळे रक्त देणे शहाणपणाचे ठरते.

म्हणून अंशांचा आकडा विचारण्यापेक्षा मी म्हणेन की तीन गोष्टी विचारा. मेंदूला रक्त कोणत्या वाटेने देणार, एका बाजूने की दोन्ही. मेंदू रक्तावाचून एकूण किती मिनिटे राहील असा अंदाज आहे. आणि तुमची टीम ही शस्त्रक्रिया नियमित करते का. तिसरा प्रश्न विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण तो विचारावाच. या कामात सर्जन, भूलतज्ज्ञ आणि मशीन चालवणारा पर्फ्युजनिस्ट यांचा एकमेकांच्या हाताशी जम बसलेला असावा लागतो आणि तो महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शस्त्रक्रियेने बसत नाही.

जाता जाता आणखी एक. सगळे थंड करण्याविषयी विचारतात, परत ऊब आणण्याविषयी कोणी विचारत नाही. घाईने तापवल्यास मेंदू शरीराच्या आधी गरम होतो, कारण रक्त तेथे आधी पोहोचते. त्यामुळे मशीनमधून बाहेर पडणारे रक्त 37 अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, असा दंडक पाळतात. थंडीने जे राखले ते शेवटच्या अर्ध्या तासातल्या उतावळेपणाने गमावता येते. सर्जनचे टाके संपलेले असतात, सगळे थकलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी भूलतज्ज्ञाला ‘अजून थांबा’ असे म्हणण्याचा वाईटपणा घ्यावा लागतो.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाची महाधमनी अचानक आतून फाटली आणि रात्रीतून ऑपरेशन करावे लागले. जीव वाचला. पण शुद्धीवर आल्यावर तीन दिवस दादा वहिनींना ओळखेनात, नळ्या ओढू लागले, नर्सला ‘सराफ्यात दुकान उघडायचे आहे, सोडा मला’ असे म्हणत राहिले. आता बरे आहेत, पण नावे विसरतात. मेंदूला कायमची इजा झाली असेल का? — एक वाचक, महू

उत्तर : आपण वर्णन केले आहे त्यावरून तो पक्षाघात वाटत नाही. कमानीच्या शस्त्रक्रियेनंतर असा तात्पुरता गोंधळ पुष्कळांना होतो : वेळकाळाचे भान सुटणे, भास होणे, रात्री चिडणे, दिवसा झोपणे. रक्ताभिसरण जास्त वेळ थांबले असेल, वय जास्त असेल किंवा शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली असेल, तर तो अधिक दिसतो. महाधमनी फाटल्यावर काही वेळा फाटीचा पडदा मेंदूच्या शाखेतही शिरतो आणि टेबलावर येण्यापूर्वीच रक्त कमी पडलेले असते, हेही ध्यानात घ्यायला हवे. अशा तात्पुरत्या गोंधळात बहुधा सीटी स्कॅनमध्ये काही आढळत नाही आणि काही दिवसांत माणूस ठिकाणावर येतो.

पक्षाघाताची खूण वेगळी असते. तो एका बाजूवर येतो : एक हात किंवा पाय उचलत नाही, तोंड वाकडे होते, शब्द फुटत नाहीत किंवा एका बाजूचे दिसत नाही. असे काही असते तर आयसीयूतच लक्षात आले असते.

नावे विसरणे, हिशेबात चुकणे, वाचताना लक्ष न लागणे हे काही आठवडे, कधी काही महिनेही चालते आणि हळूहळू कमी होते. तीन महिन्यांनंतरही फरक वाटला नाही, तर न्यूरॉलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घ्यावी. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत, त्यांनी गोंधळ वाढतो.

हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी असे ऑपरेशन व्हायचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना. रुग्णाचा चष्मा आणि कानाचे यंत्र पहिल्याच दिवशी आयसीयूत द्या, मोठ्या आकड्यांचे घड्याळ दिसेल असे ठेवायला सांगा आणि भेटीच्या वेळी मराठीत बोला. आपल्याकडची मंडळी बाहेर दिवसभर हिंदीत वावरतात, पण गोंधळलेल्या माणसाला घरची हाक लवकर पोहोचते. नर्सने ‘अंकलजी’ म्हणून वीस वेळा बोलावलेले ज्यांनी ऐकले नाही, ते ‘अहो दादा, डोळे उघडा’ या हाकेला वळून पाहताना मी पाहिले आहेत.

प्रश्न : मेंदूला उलट्या बाजूने, म्हणजे शिरांमधून रक्त देतात असे वाचले. हे शक्य आहे का? — एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : शक्य आहे आणि एके काळी त्याचा बराच बोलबाला होता. हार्ट-लंग मशीनमधून चुकून हवा मेंदूत गेली तर ती मागे ढकलून काढण्यासाठी मिल्स आणि ऑक्सनर यांनी 1980 मध्ये ही युक्ती सुचवली. जपानच्या उएदा आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ती कमानीच्या शस्त्रक्रियेत वापरल्याचे प्रसिद्ध केले. वरच्या महाशिरेतून कमी दाबाने थंड रक्त सोडायचे आणि ते कॅरोटिडच्या उघड्या तोंडातून बाहेर यायचे. यामुळे मेंदू थंड राहतो आणि कण व बुडबुडे बाहेर धुतले जातात, हा खरा फायदा. परंतु त्या रक्तातला बराच भाग आडवाटांनी निघून जातो आणि मेंदूच्या पेशींचे पोषण करण्याइतके रक्त केशवाहिन्यांपर्यंत पोहोचत नाही. दाब वाढवावा तर मेंदूला सूज येते. थोड्या वेळाच्या कामासाठी काही केंद्रे आजही ही पद्धत वापरतात.

प्रश्न : छाती न उघडता स्टेंट टाकून हे काम होत नाही का? — एक वाचक, देवास

उत्तर : छातीतल्या खाली उतरणाऱ्या महाधमनीसाठी झाकलेला स्टेंट टाकणे आता रुळले आहे. कमानीवर तो टाकला तर शाखांची तोंडे बंद होतात, म्हणून आधी मानेत बायपास करून त्या शाखांना दुसरीकडून रक्त द्यावे लागते किंवा शाखा असलेला खास स्टेंट वापरावा लागतो. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही अशांसाठी हा मार्ग चांगला आहे. पण तारा आणि नळ्या त्याच थर बसलेल्या कमानीतून फिरवाव्या लागत असल्यामुळे मेंदूत कण जाण्याचा धोका येथेही राहतो. छाती उघडली नाही म्हणजे मेंदूचा धोका टळला, असा हिशेब नाही.

प्रश्न : ऑपरेशनपूर्वी मेंदूच्या दृष्टीने घरच्यांनी काय सांगावे, काय तयारी करावी? — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी कधी काही क्षण बोबडी वळली होती का, डोळ्यापुढे एका बाजूला पडदा आला होता का, हात सुन्न होऊन लगेच बरा झाला होता का, हे आठवून सांगा. ‘तेव्हा गॅसेसमुळे झाले होते’ असा खुलासा स्वतःच करून गप्प राहू नका. मानेच्या कॅरोटिड धमन्यांची सोनोग्राफी आणि मेंदूच्या वाहिन्यांपर्यंतचा सीटी अँजिओ झाला आहे ना, ते विचारा, कारण विलिसच्या कड्याची माहिती त्यातच मिळते. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात आणा, तंबाखू आणि विडी आजच बंद करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचे नाव आणि मात्रा सांगा, पण ती कोणत्या दिवशी थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्या. वरच्या आकड्यात 20 किंवा त्याहून जास्त फरक असेल तर एखाद्या शाखेत अडथळा असू शकतो. खांद्याजवळची नळी कोणत्या बाजूला घालायची आणि ऑपरेशनमध्ये कोणत्या मनगटावरचा दाब खरा मानायचा, ही दोन्ही गणिते त्यामुळे बदलतात. हा फरक नव्याने दिसला आणि सोबत छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णाला घेऊन दवाखान्यात जा आणि जुना सीटी स्कॅन बरोबर न्या.